डिफ्यूजन एनएमआर: ट्यूबमधल्या छुप्या प्रवाहाशी झटापट (माझा अनुभव)

द्रावणातल्या रेणूंचं विसरण (डिफ्यूजन, म्हणजे आपोआप इकडेतिकडे पसरणं) एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांच्या सिग्नलवरून, मोजताना सुरुवातीचं सगळं बिनबोभाट पार पडतं. लॉक, ट्यूनिंग, शिमिंग, ९०° पल्स या यंत्र तयार करायच्या नेहमीच्या पायऱ्या, त्यांवर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी अडते ती अभिसरणापाशी (तापमानातल्या फरकाने ट्यूबमधलं द्रावण वाहू लागतं, ते), आणि वैताग याचा की अडलीय हे यंत्र सांगतच नाही. आलेख सरळ येतो, फिट सुरेख बसतो, त्रुटी एका टक्क्याच्या आत दाखवली जाते. विसरण किती वेगाने होतं हे सांगणारा आकडा, म्हणजे गुणांक, मात्र खऱ्याच्या दुप्पट असू शकतो.

असं का होतं, ते आधी. बहुतेक प्रोबमध्ये (यंत्रात ट्यूब जिथे बसते त्या भागात) तापमान राखणारी हवा खालून येते. खोलीपेक्षा जास्त तापमान लावलं की ट्यूबचा तळ वरच्या भागापेक्षा गरम होतो, द्रावण एका बाजूने वर चढतं आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरतं. आपण मोजतो रेणूंचं ट्यूबच्या लांबीच्या दिशेने झालेलं विस्थापन. ते विसरणाने झालं की प्रवाहाने, हे सिग्नलला कळत नाही. वेग कमी असेल तर ग्रेडियंटच्या (ट्यूबच्या लांबीनुसार बदलणारं चुंबकीय क्षेत्र, जे पल्समध्ये दिलं जातं) वर्गाबरोबर होणारी सिग्नलची घटसुद्धा अगदी विसरणासारखीच दिसते, म्हणून फिट बिघडत नाही. वेग वाढला तरच सिग्नल उलटा, ऋण होतो आणि चोर पकडला जातो.

मोजलेल्या गुणांकात भर पडते ती अशी: वेगाच्या वर्गाची सरासरी गुणिले विसरणकाळ, भागिले दोन. वेग सेकंदाला फक्त ०.१ मिलिमीटर धरा आणि विसरणकाळ, म्हणजे मोठा डेल्टा (दोन ग्रेडियंट पल्समधला काळ), १०० मिलिसेकंद. भर येते ५०० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद. एखाद्या मोठ्या संकुलाचा खरा गुणांकच ५०० असेल, तर तो १००० दिसणार. गुणांकावरून रेणूची त्रिज्या काढणाऱ्या स्टोक्स-आइनस्टाइन समीकरणात घातलात की त्रिज्या निम्मी. याहून बऱ्याच लहान चुकीतही डायमर (दोन रेणूंची जोडी) असतो आणि आपण त्याला मोनोमर (सुटा रेणू) म्हणून मोकळे होतो.

‘आत संदर्भ-रेणू (गुणांक माहीत असलेला दुसरा रेणू) टाकला की सगळं आपोआप सावरतं’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. श्यानता (द्रवाचा दाटपणा) आणि तापमानातला फरक त्याने सावरतो, हे खरं. पण अभिसरणाची भर सगळ्या सिग्नलना सारखीच मिळते, आणि ती गुणाकाराने नव्हे तर बेरजेने. संदर्भाचा गुणांक २००० आणि आपल्या रेणूचा ५०० असेल तर गुणोत्तर ४. दोन्हींत ५०० मिळवा: २५०० आणि १०००, गुणोत्तर २.५. हळू रेणूला जास्त फटका, आणि आपल्याला रस असतो नेमका त्याच्यातच.

तपासणी सोपी आहे, तरी ती टाळली जाते. लहान डेल्टा (एका ग्रेडियंट पल्सची लांबी) आणि बाकी सगळं तसंच ठेवून मोठा डेल्टा ५०, १०० आणि २०० मिलिसेकंद असा बदला. साध्या द्रावणात गुणांक तिन्ही वेळा तोच यायला हवा. तो डेल्टाबरोबर चढत गेला तर अभिसरण आहे. एकाच डेल्टावर काढलेला आकडा मी तरी मोजमाप मानत नाही, विशेषतः क्लोरोफॉर्म किंवा ॲसिटोनमधला. २५° ला ॲसिटोनची श्यानता सुमारे ०.३ मिलिपास्कल-सेकंद, क्लोरोफॉर्मची ०.५४, जड पाण्याची १.१, डीएमएसओची जवळपास २. पातळ द्रावक आधी वाहू लागतात.

उपायांत माझी पहिली पसंती ३ मिमी ट्यूबला. अभिसरण सुरू व्हायला लागणारा तापमानातला उतार त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५ मिमी ट्यूबचा आतला व्यास सुमारे ४.२ मिमी, ३ मिमीवालीचा सुमारे २.४, म्हणजे सहनशक्ती नऊ पटींहून जास्त. सिग्नल कमी मिळतो, पण खोट्या आकड्यापेक्षा ते बरं. हवेचा झोत वाढवल्यानेही वरखाली तापमान सारखं होतं, मात्र फार वाढवला की ट्यूब थरथरते आणि दुसरंच दुखणं सुरू होतं. एवढ्यानेही भागलं नाही तर डबल स्टिम्युलेटेड एको ही पल्स-मालिका वापरा. त्यात स्थिर प्रवाहाचा परिणाम कटतो, पण सिग्नल निम्मा होतो आणि तितकाच स्वच्छ वर्णपट हवा असेल तर स्कॅन चौपट लागतात.

सॅम्पल आत टाकल्यावर १५-२० मिनिटं थांबायचं, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. तापमान स्थिरावण्याआधी घेतलेल्या मोजमापाचा डेल्टा बदलून काढलेला निष्कर्षही भरवशाचा नसतो.

ग्रेडियंटच्या खऱ्या ताकदीचीही खात्री करून घ्या. जड पाण्यातल्या उरलेल्या एचडीओचा (एक हायड्रोजन साधा आणि एक जड असलेल्या पाण्याच्या रेणूचा) गुणांक २५° ला सुमारे १९०० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद येतो. ग्रेडियंटमध्ये २ टक्के चूक असेल तर गुणांकात ४ टक्के होते, कारण समीकरणात ग्रेडियंट वर्गात बसतो. मापनात ग्रेडियंट पायरीपायरीने वाढवतात; शेवटच्या पायरीला सिग्नल सुरुवातीच्या सुमारे ५ टक्क्यांवर यायला हवा. ग्रेडियंट मीटरला ०.५ टेस्ला आणि मोठा डेल्टा ५० मिलिसेकंद असेल तर ५०० गुणांकाच्या रेणूला लहान डेल्टा सुमारे २.६ मिलिसेकंद पुरतो. सोळा पायऱ्या भरपूर झाल्या.

त्या लहान डेल्टाबद्दल एक सावधगिरी. बायपोलर पल्स-प्रोग्रॅममध्ये (ज्यात ग्रेडियंट पल्स उलटसुलट दिशेच्या दोन अर्ध्या पल्समध्ये दिली जाते) बऱ्याचदा एका अर्ध्या पल्सचीच लांबी भरायची असते, आणि समीकरणात मात्र पूर्ण लांबी लागते. तिथे गल्लत झाली तर गुणांक चौपट चुकतो. तुमचा आकडा अपेक्षेच्या बरोबर चौपट किंवा पावपट असेल तर अभिसरणाला दोष देण्याआधी हा रकाना उघडून बघा.