विहिरीचं नायट्रेट आणि कपाटाची किल्ली

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गुहागरजवळच्या आमच्या गावातल्या सहा विहिरींचं नायट्रेट-नायट्राइट काढलं. मोजण्याचं काम एका सकाळचं. क्वार्ट्झची क्युवेट, म्हणजे यंत्रात पाण्याचा नमुना ठेवायची छोटी पारदर्शक डबी, हातात पडायला मात्र आठ दिवस गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

नायट्रेट 220 नॅनोमीटरला अतिनील प्रकाश शोषतं; किती शोषला हे स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्रावर मोजतात. तिथे काच चालत नाही, कारण काच स्वतःच तो प्रकाश अडवते. आमच्या लॅबमध्ये टेबलावर होत्या त्या सगळ्या काचेच्या. क्वार्ट्झची जोडी कपाटात, किल्ली ज्यांच्याकडे ते ट्रेनिंगला. फॉर्म भरला, एका सहीसाठी तीनदा हेलपाटा मारला. "तोवर काचेची वापर, काय फरक पडतो?" असंही ऐकलं. वापरून पाहिली. डिस्टिल्ड वॉटरवर झीरो केलं, तेच पाणी पुन्हा ठेवलं, तर आकडा एकदा वर, एकदा उणे. असले आकडे वहीत कसे लिहायचे?

तोवर माझ्या बाटल्या फ्रीजमध्ये वाट बघत होत्या. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, तिथून रत्नागिरी. मासळीचा बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी मांडीवर. चार अंशांवर ठेवलं तरी 48 तासांच्या आत मोजावं लागतं, नाहीतर पाण्यातले जिवाणू नायट्राइट-नायट्रेटचं प्रमाण बदलून टाकतात. तिसऱ्या दिवशी सहाही बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. पुन्हा गावी गेले तर काकू म्हणाली, "अगं, परवाच नेलंस ना पाणी?" म्हणून सांगते, क्युवेट ताब्यात आल्याशिवाय पोहरा विहिरीत सोडू नका.

पुढचं सरळ आहे. यंत्रातला अतिनील प्रकाशाचा ड्युटेरियमचा दिवा अर्धा तास तापू द्या. पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, 50 मिलीत 1 मिली 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला. 220 ला रीडिंग, मग 275 ला; दुसऱ्याची दुप्पट पहिल्यातून वजा. क्युवेट खरखरीत बाजूंनीच धरा.

ही वजाबाकी पातेऱ्यासाठी, कारण कुजलेल्या पानांचा अंशही 220 ला प्रकाश शोषतो. फणसाखालच्या विहिरीत पानं कुजून पाणी चहासारखं झालेलं. 220 ला 0.41, 275 ला 0.09. वजा करायचे 0.18; ते 220 च्या रीडिंगच्या 10 टक्क्यांच्या आत हवेत, इथे तर कितीतरी पुढे. अशा पाण्याला ही पद्धत लागूच होत नाही. तक्त्यात आकडा टाकण्याचा आग्रह झाला, मी रकाना रिकामाच ठेवला. तो निर्णय मला आजही पटतो.

काकूच्या गोठ्याजवळच्या विहिरीत नायट्रोजन म्हणून, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन धरून, लिटरला 2.1 मिलिग्रॅम आले. 4.43 ने गुणलं की नायट्रेट 9.3. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45, तीही नायट्रेट म्हणून. रिपोर्ट वाचताना हे आधी बघा. तिची नात तीन महिन्यांची, वरच्या दुधावर, आणि जास्त नायट्रेटचा धोका सर्वात आधी अशा बाळांना. काकू पाणी उकळून देते. जंतूंसाठी ते हवंच, पण उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, पाणी आटून उलट दाट होतं, हे तिला नीट बसून सांगितलं.

नायट्राइट सल्फानिलामाइड आणि एनईडी या दोन रसायनांनी गुलाबी होतं, ते 543 ला मोजतात. तो दृश्य प्रकाश, त्याला काचेची क्युवेट चालते; म्हणजे पहिल्या बाटल्यांचं नायट्राइट तरी त्याच दिवशी झालं असतं! आणि ते करायलाच हवं, कारण नायट्राइटही 220 ला शोषतं आणि नायट्रेटचा आकडा फुगवतं.

फणसाखालच्या विहिरीचं आता कॅडमियम रिडक्शनने, म्हणजे कॅडमियमने नायट्रेटचं नायट्राइट करून, मोजणार आहे. त्यातही शेवटी तोच गुलाबी रंग मोजायचा असतो, त्यामुळे किल्ली लागणार नाही.