डॉक्युमेंटरी फोटो स्पर्धेसाठी कांद्याची एक ट्रॉली

नाशिकमधून डॉक्युमेंटरी फोटो स्पर्धेला प्रवेशिका पाठवायची म्हटलं की पहिला हात रामकुंडाच्या फोटोंकडे जातो. घाटावरचे दिवे, साधूंचे चेहरे, पाण्यातली प्रतिबिंबं. फोटो देखणे असतात, पण परीक्षकांच्या नजरेखालून असे फोटो ढिगाने गेलेले असतात आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे त्यांत भरच पडणार आहे. जिल्ह्यात दुसरे विषय काय कमी आहेत? येवल्याचे पैठणी विणकर, मालेगावचे यंत्रमाग, पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, जुन्या नाशकातली तांबट आळी. या प्रत्येक कामाला सुरुवात आहे, मधले टप्पे आहेत आणि शेवट आहे. फोटोमालिकेला तेच लागतं.

उदाहरणादाखल कांदा घेऊ. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत म्हणजे हवेसाठी फटी ठेवलेल्या साठवणीच्या शेडमध्ये भरला जातो आणि पुढे पावसाळा संपेपर्यंत थोडा थोडा बाजारात येतो. स्पर्धेला महिनाच उरला असेल तर हा सगळा हंगाम हाती लागणार नाही. अशा वेळी एका ट्रॉलीचा एक दिवस धरावा: चाळीतून कांदा काढणं, निवड, ट्रॉली भरणं, लासलगावच्या बाजार समितीतला लिलाव, काट्यावरचं वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर म्हणजे मोकळ्या आवारात माल ओतणं आणि शेवटी हातात पडणारी हिशोबपट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती. विषय असा आवळला की मालिका आपोआप बांधली जाते. ‘शेतकऱ्याचं जीवन’ असा विषय घेतला की दहा फोटो दहा दिशांना पळतात.

चाळीतला उजेड अवघड. फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत येतात आणि बाकी सगळा अंधार, त्यामुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. उन्हाची पट्टी पांढरी फटक होऊ देऊ नये. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) तिच्यावर बेतावं आणि सावली नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमधून, थोडी उचलावी. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, लेन्सचं छिद्र एफ/२.८ आणि शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको. निवड करणाऱ्या बायकांचे हात इतके झपाझप चालतात की १/६० ला बोटं पुसट येतात. काजळी म्हणजे काळी बुरशी लागलेला कांदा हाताळला की बोटांना काळी पूड चिकटते. त्या बोटांचा जवळून काढलेला एक फोटो साठवणुकीतलं नुकसान जितकं सांगतो, तितकं सबंध चाळीचा लांबून काढलेला फोटो सांगत नाही.

चाळीत लेन्स मात्र बदलू नये. कांद्याचे पापुद्रे आणि बारीक माती हवेत तरंगत असते. ती सेन्सरवर बसली की बाजारात भर उन्हात एफ/११ ला काढलेल्या फोटोत आभाळभर करडे ठिपके दिसतात.

लिलावात व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातात. एका ट्रॉलीचा सौदा बघता बघता उरकतो, म्हणून सेटिंग आधीच लावून ठेवायचं: फुल फ्रेम कॅमेऱ्याला ३५ मिमी लेन्स, एफ/८, १/२५०. ट्रॉलीवरचा शेतकरी आणि खालचा घोळका दोन्ही एका चौकटीत येतील अशी जागा धरावी. दुसऱ्याच्या ट्रॉलीवर विचारल्याशिवाय चढू नये. बहुतेक जण भाव पुकारणाऱ्याचा उंचावलेला हात टिपतात आणि कॅमेरा खाली करतात. खरा फोटो त्याच्यानंतरच्या दोन सेकंदांत असतो, भाव ऐकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. निळ्या ताडपत्रीखाली उभ्या माणसाचा चेहरा निळसर येतो. तिथे ऑटो व्हाइट बॅलन्सवर (कॅमेऱ्याच्या आपोआप रंग जुळवण्यावर) विसंबून न राहता रॉमध्ये काढून नंतर दुरुस्त करणं बरं.

निवडीला मात्र फोटो काढण्याइतकाच वेळ द्यावा. साठ-सत्तर फोटोंचे ४×६ चे साधे प्रिंट काढून जमिनीवर मांडायचे. दहा फोटोंची मालिका असेल तर दोन मोकळे, जागा दाखवणारे; चार कामाचे; दोन चेहऱ्यांचे; दोन अगदी जवळचे, असं माप साधारण जमतं. मग एकेक प्रिंट उचलून बघायचा. उचलल्यावर काहीच अडलं नाही तर तो फोटो नको, मग तो कितीही आवडता असो. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

कॅप्शनमध्ये कोण, काय करतंय, कुठे आणि कधी एवढं हवंच. ‘बळीराजाची व्यथा’ हे कॅप्शन नव्हे. ‘लिलावात पुकारलेला भाव ऐकताना उन्हाळ कांद्याच्या ट्रॉलीवर उभा असलेला शेतकरी. लासलगाव, ता. निफाड, जि. नाशिक’ आणि पुढे तारीख, हे कॅप्शन. भाव लिहायचा तर हिशोबपट्टीवरून, रुपये प्रतिक्विंटल असा. ऐकीव आकडा नको. तारखेसाठी कॅमेऱ्याचं घड्याळ आधीच तपासावं. फोटोच्या माहितीतली तारीख आणि कॅप्शनमधली तारीख जुळली नाही तर उगाच शंका येते.

क्रॉप, उजेड, कॉन्ट्रास्ट, कृष्णधवल करणं आणि सेन्सरवरची धूळ काढणं हे सहसा चालतं. नको असलेली वीजतार किंवा कडेला आलेला माणूस पुसणं, दोन फोटो जोडणं, एआयने आभाळ बदलणं, यांनी प्रवेशिका बाद होते. मोबाइलमधली काही ॲप न विचारताच चेहरे गुळगुळीत करतात, ती सेटिंग बंद असावी. प्रसंग मुद्दाम घडवून आणणं, म्हणजे ‘दादा, परत एकदा गोणी उचला’ म्हणणं, हेही त्यातच येतं.

फाइल जेपीईजी आणि एसआरजीबी या स्क्रीनवर सर्रास चालणाऱ्या रंगपद्धतीत द्यावी. ॲडोबी आरजीबीमध्ये ठेवली तर पुष्कळ ठिकाणी रंग फिके दिसतात. ३०० डीपीआय (प्रिंटच्या एका इंचात ३०० ठिपके) या आकड्यात अडकू नये. नियमात लांब बाजूचे पिक्सेल दिले असतील तर तेच पाहावेत. प्रदर्शनासाठी १२×१८ इंची प्रिंट मागितला तर ३०० डीपीआयने ३६००×५४०० पिक्सेल लागतात, म्हणून क्रॉप बेताने. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल कधीच देऊ नये. तिचा आकार घटलेला असतो आणि आतली माहितीही गेलेली असते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

चेहरा ओळखू येणाऱ्या माणसाची संमती घ्यावी. चार ओळींचा मराठी मजकूर, खाली सही किंवा अंगठा आणि तारीख. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावा. लहान मुलांसाठी आईवडिलांची सही. त्र्यंबकेश्वर मंदिरात, नाशिकरोडच्या नोट प्रेसजवळ किंवा देवळालीच्या लष्करी हद्दीत कॅमेरा काढू नये.

हक्कांचं कलम शब्दन् शब्द वाचावं. प्रदर्शन आणि प्रसिद्धीपुरता वापर ठीक आहे, ‘कॉपीराइट आयोजकांकडे राहील’ हे ठीक नाही. हक्क लेखी देताना मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार ते ५ वर्षांपुरते आणि भारतापुरते धरले जातात. ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर ही सवलत उरत नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेले फोटो पाठवायचे असतील तर आधी त्यांना विचारावं. वेगळा करार नसेल तर कलम १७ नुसार कॉपीराइट त्यांचाच असतो.

शेवटच्या रात्री साइट रखडते, म्हणून दोन दिवस आधी अपलोड करावं. चढवलेले फोटो परत उघडून क्रम तपासावा आणि पोचेचा स्क्रीनशॉट ठेवावा. बऱ्याच स्पर्धांत अंतिम फेरीत रॉ फाइल मागितल्या जातात आणि तेव्हा क्रॉपच्या बाहेरचं सगळं परीक्षकांना दिसतं. निकाल लागेपर्यंत त्या फाइल दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि कार्ड फॉरमॅट करू नये.