टेम्पोतली दोन खोकी

अकरावीच्या फिजिक्समधलं बाकी बरंच पुसट झालंय, पण सरांनी शिकवलेलं टेम्पोतल्या दोन खोक्यांचं गणित अजून जसंच्या तसं पाठ आहे. खाली २० किलोचं खोकं, त्यावर १० किलोचं, टेम्पोचं त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. सर आधी फॉर्म्युला लिहूच द्यायचे नाहीत, दोन्ही खोकी वेगवेगळी काढायला लावायचे आणि एकेकाला विचारायचं, बाबा तुला कोण कोण टेकलंय? वरच्याला टेकलंय फक्त खालचं खोकं, म्हणजे न टेकता ओढणारी पृथ्वी, खालच्याचा आधार आणि खालच्याचं घर्षण, संपली यादी. कोणीतरी विचारायचंच, सर मागे खेचणारा फोर्स राहिला की! सर म्हणायचे, कोण खेचतंय ते दाखव, मग बाण काढू.

आणि घर्षण म्हणजे गतीच्या उलट असं आम्ही घोकलेलं, इथे तर वरच्या खोक्याला पुढे नेणारं घर्षणच! ते नसतं तर टेम्पो आणि खालचं खोकं पुढे सटकले असते आणि हे जागच्या जागी राहिलं असतं. लागतं किती, १० गुणिले २, म्हणजे २० न्यूटन. घर्षणाचा गुणांक ०.४ असेल तर ०.४ गुणिले १० गुणिले ९.८, म्हणजे साधारण ३९ न्यूटनपर्यंत मिळू शकतं, पण म्हणून ३९ ठोकून द्यायचं नाही, लागेल तेवढंच येतं, यावर सर फार कडक होते. खालच्या खोक्यावर तेच २० न्यूटन मागच्या बाजूला, म्हणून टेम्पोच्या फ्लोअरला त्याला ६० न्यूटनने पुढे न्यावं लागतं. ६० वजा २० म्हणजे ४०, आणि २० किलो गुणिले २ पण ४०च. हे जुळलं की सर खडू खाली ठेवून आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचे.

आता मी चाकणला डिस्पॅच बघतो, सर, रोज तुमचंच गणित करतो. जोरात ब्रेक लागेल तेव्हासाठी आम्ही ०.८ जी (गुरुत्व त्वरणाच्या ०.८ पट) धरतो, म्हणजे ०.४ गुणांकाचं घर्षण निम्मंच काम करतं, उरलेलं माल बांधायच्या पट्ट्यांनी. नवीन पोरांना वाटतं जड माल सरकत नाही, पण लागणारा फोर्स आणि मिळणारं घर्षण दोन्ही वस्तुमानाच्या पटीत वाढतात, म्हणून वस्तुमान दोन्हीकडून कटतं, मी त्यांना कागदावर काढून दाखवतो. आणि रबर मॅट नुसती फ्लोअरवर टाकून भागत नाही, दोन थरांच्या मधेपण घालावी लागते, कारण वरच्या खोक्याला फ्लोअर टेकतच नाही.