तुम्ही विचारलंत म्हणून: चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेमकं झालं काय?

फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या मराठी घराला उन्हाळ्यात सुट्टी नसते. मे संपला की भारतातून पाहुणे यायला लागतात, आणि न्यूयॉर्क नि नायगाराच्या मधला एक दिवस आमच्या वाट्याला येतो. मी त्यांना इंडिपेन्डन्स हॉल दाखवते. हिरवी बनात पांघरलेली टेबलं आणि पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली वॉशिंग्टनची खुर्ची बघून बाहेर आलो, की बाकावर बसून डबा उघडायचा. पहिला घास तोंडात जायच्या आत प्रश्न येतो: "म्हणजे चार जुलैला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर इथेच सह्या झाल्या ना?"

पूर्वी मी "हो" म्हणून मोकळी व्हायचे. मग एका वर्षी मामा आले. त्यांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलेली. त्यांनी विचारलं, "ठराव कधीचा, मसुदा कधीचा, सह्या कधीच्या? एका दिवशी सगळं उरकलं असं मी तीस वर्षांत पाहिलं नाही." मला उत्तर देता येईना. त्या रात्रीपासून वाचायला लागले, आणि आता विचारणाऱ्याला पळता भुई थोडी होईल इतकं सांगते.

तर ऐका. स्वातंत्र्याचा ठराव व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जून १७७६ रोजी काँग्रेसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अमेरिकेतल्या तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, मांडला. लगेच मत घ्यायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून निर्णय पुढे ढकलला आणि ११ जूनला जाहीरनामा लिहायला पाच जणांची समिती नेमली. दर वसाहतीला एकच मत. १ जुलैला चाचपणी केली तर तेरापैकी नऊ वसाहती बाजूने. पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना विरुद्ध. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना घरून परवानगीच नव्हती, ते गप्प. डेलावेअरचे हजर प्रतिनिधी दोन, एक इकडे नि एक तिकडे.

डेलावेअरचा तिसरा माणूस होता सीझर रॉडनी. दम्याने बेजार, चेहऱ्यावर कर्करोग. निरोप मिळाल्यावर हा माणूस विजा-पावसात रातोरात सुमारे सव्वाशे किलोमीटर तुडवत २ जुलैला फिलाडेल्फियात पोचला आणि डेलावेअरचं पारडं झुकलं. साउथ कॅरोलिनाने मत बदललं. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानाच्या वेळी आपल्या जागेवर बसलेच नाहीत, त्यामुळे उरलेल्यांत तीन विरुद्ध दोन असं बहुमत झालं. बारा मतं बाजूने, विरोधात एकही नाही, न्यूयॉर्क तटस्थ. म्हणजे ब्रिटनशी नातं तुटलं ते २ जुलैला.

ठरावासाठी हिरीरीने झटलेल्या जॉन ॲडम्स या प्रतिनिधीने दुसऱ्याच दिवशी बायकोला लिहिलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मोठा सण म्हणून पाळतील. मिरवणुका निघतील, तोफा, घंटा, रोषणाई, सगळं होईल. वर्णन तंतोतंत खरं ठरलं. तारीख तेवढी चुकली.

मग ३ आणि ४ जुलैला काय केलं? शुद्धलेखन तपासलं, असं मी पाहुण्यांना सांगते. हे अर्धवट थट्टेने. खरं तर त्या दोन दिवसांत काँग्रेसने समितीतल्या थॉमस जेफरसनने लिहिलेल्या मसुद्यावर कात्री चालवली. जवळजवळ पाव भाग गेला. तेहतिशीतला जेफरसन गप्प बसून आपल्या वाक्यांचा बळी जाताना बघत होता आणि शेजारी बसलेला, त्याच समितीतला म्हातारा बेंजामिन फ्रँकलिन त्याला एका टोपीवाल्याच्या दुकानाच्या पाटीची गोष्ट सांगून शांत करत होता. पाटीवरचा एकेक शब्द मित्र अनावश्यक ठरवतात आणि शेवटी उरतं फक्त दुकानदाराचं नाव आणि टोपीचं चित्र. ज्याने कधी कुणाकडून लेख संपादित करून घेतला आहे त्याला हे दुखणं कळेल.

कापलेल्या भागातला सर्वांत मोठा तुकडा गुलामांच्या व्यापाराबद्दल होता. जेफरसनने त्याचं सगळं खापर ब्रिटनच्या राजावर, तिसऱ्या जॉर्जवर, फोडलं होतं. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो खुपला, आणि स्वतः जेफरसनच्याच म्हणण्याप्रमाणे उत्तरेकडच्या काही जणांनाही, कारण त्यांची जहाजं त्या धंद्यात होती. तो गेला. जे उरलं ते ४ जुलैला मंजूर झालं आणि मजकूर जॉन डनलॅपच्या छापखान्यात गेला. रात्रीतून सुमारे दोनशे प्रती निघाल्या. खाली छापलेली नावं दोनच: अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉम्सन. वर तारीख: ४ जुलै १७७६.

हे ऐकून मामी म्हणाल्या, "अगं, मग बरोबर आहे की! याद्या झाल्या ती तारीख कुणाच्या लक्षात राहते? पत्रिकेवर छापलेली राहते." इतक्या वाचनानंतर मला याहून नेमकं सांगता आलेलं नाही. बंद दाराआडचं मतदान लोकांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात आला तो छापील कागद. ८ जुलैला कर्नल जॉन निक्सन याने तो याच इमारतीच्या मागच्या आवारात मोठ्याने वाचून दाखवला. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या फौजेपुढे वाचला गेला, आणि त्या संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीनमधला तिसऱ्या जॉर्जचा पुतळा दोर लावून पाडला. पुतळा शिशाचा होता. त्याच्या गोळ्या ओतल्या.

सह्यांचं मामांनी बरोबर ओळखलं होतं. न्यूयॉर्कने ९ जुलैला होकार दिल्यावर १९ जुलैला काँग्रेसने हुकूम काढला की आता हे चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात उतरवा आणि मथळ्यात 'एकमताने' म्हणा. ते अक्षर टिमथी मॅटलॅकचं असल्याचं मानतात. "म्हणजे दस्तलेखक," मामा खूश. सह्या सुरू झाल्या २ ऑगस्टला. एकूण छप्पन्न, पण त्याही एका दिवसात नव्हेत. न्यू हॅम्पशायरचा मॅथ्यू थॉर्न्टन नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा त्याने केली. बेंजामिन रशसारखे पेनसिल्व्हेनियाचे काही जण तर २० जुलैला निवडून आले. ते ४ तारखेला सही करणार कसे? आणि ज्या पाच जणांच्या समितीने मसुदा आणला, त्यातल्या रॉबर्ट लिव्हिंग्स्टनची सही कागदावर नाहीच.

सह्यांची नावं लोकांना कळली ती थेट जानेवारी १७७७ मध्ये, बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गॉडर्ड या मुद्रक बाईंनी ती छापली तेव्हा. तोवर नाव उघड होणं म्हणजे राजद्रोहाचा पुरावा. पुढे जेफरसन, ॲडम्स, फ्रँकलिन, तिघेही लिहून गेले की सह्या ४ जुलैलाच झाल्या. ज्यांनी स्वतः केल्या, त्यांनाही तारीख आठवेना!

सगळ्यात गंमत ॲडम्सची. १७७७ साली वर्षपूर्ती साजरी करायची हे काँग्रेसला सुचलं तेच मुळी २ जुलैला. तयारीला वेळ नाही, म्हणून समारंभ ४ तारखेला. नदीत जहाजं सजली, तोफा झाल्या, ट्रेंटनच्या लढाईत पकडलेल्या हेसियन, म्हणजे ब्रिटनने भाड्याने आणलेल्या जर्मन, सैनिकांच्या बँडने जेवणाच्या वेळी वाजवलं. ही हकिकत ॲडम्सनेच मुलीला कौतुकाने कळवली आहे. २ जुलैचा सर्वांत मोठा वकील असा आनंदाने ४ तारखेच्या पंगतीत जेवून आला.

तारखांचा विषय निघाला की मराठी माणूस शिवजयंतीवर येतोच, आणि तिथे मी वॉशिंग्टनला पुढे करते. त्याच्या जन्माची घरची नोंद ११ फेब्रुवारीची आहे. १७५२ मध्ये इंग्लंडने आणि म्हणून वसाहतींनीही जुनी ज्युलियन गणना सोडली, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, आणि वाढदिवस सरकून २२ फेब्रुवारी झाला. महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मात्र जुन्या गणनेतलीच आहे. आजच्या गणनेत ती १ मार्च होते. फाल्गुन वद्य तृतीया कुठल्या पार्लमेंटच्या कायद्याने हलत नाही, एवढं म्हणून मी तिथून काढता पाय घेते.

लिबर्टी बेल, म्हणजे याच इमारतीची प्रसिद्ध घंटा, ४ जुलैला वाजली का? नाही, ती गोष्ट १८४० च्या दशकात रचलेली. तिसऱ्या जॉर्जने त्या दिवशी डायरीत "आज विशेष काही घडलं नाही" असं लिहिलं का? त्याने डायरी ठेवलीच नव्हती. ॲडम्स आणि जेफरसन एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, वारले का? हो, हे खरं आहे.

डबा संपला की मी सगळ्यांना सेव्हन्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर नेते. तिथल्या विटांच्या घरात जेफरसन भाड्याने राहिला होता. मूळ घर पाडलं, आत्ताचं १९७५ मध्ये पुन्हा उभारलेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या, म्हणजे आपल्या पहिल्या, खोल्यांत त्याने मसुदा लिहिला. त्याच्या हिशेबवहीत ४ जुलै १७७६ ची खरेदी आहे: एक तापमापक आणि बायकांच्या हातमोज्यांचे सात जोड. दुपारी एक वाजता ७६ अंश फॅरनहाइट, हेही टिपून ठेवलंय. आमच्याकडच्या जुलैच्या मानाने दिवस सुखाचा होता.

त्या घरात त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. जेफरसनचा गुलाम. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत हे वाक्य वरच्या खोलीत लिहिलं जात असताना याने काय केलं असेल, पाणी आणलं असेल, कपडे झटकले असतील. हे मी सांगितलं तेव्हा मामा बराच वेळ इमारतीकडे बघत राहिले.

"त्याचा दस्त कधी झाला?" त्यांनी विचारलं.

झाला होता. मुक्तिपत्र, जेफरसनच्या सहीचं. २४ डिसेंबर १७९४.

मामांनी बोटांवर मोजलं. "अठरा वर्षं," ते म्हणाले, आणि मामींच्या हातातली पिशवी घेऊन पार्किंगच्या दिशेने चालू लागले.