अंडरलिव्हर एअर रायफलची खरखर घरीच काढली, माझा अनुभव

तेल ओतून खरखर जात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी अंडरलिव्हर (नळीखालचा लिव्हर ओढून भरायची) एअर रायफल आहे, पॉइंट १७७ इंच बोअरची, स्प्रिंग-पिस्टनवाली. लिव्हर खाली ओढला की निम्म्यात खर्रर्र करायची, हाताला लोखंडावर लोखंड घासतंय हे सरळ कळायचं. पुण्यातल्या एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली. फोन केला की "उद्या या साहेब", उद्या गेलं की "कारागीर आला नाही". शेवटी हातात आली ती तेलाने निथळत, खरखर जशीच्या तशी, आणि वर मला सांगतात "स्प्रिंगवालीचं असंच असतं, वापरून वापरून सेट होईल". पैसे मात्र पूर्ण घेतले. अजून आठवलं की डोकं फिरतं, कारण त्या तेलाने उलट नुकसानच होतं. कॉम्प्रेशन ट्यूबमध्ये, म्हणजे पिस्टन जिच्यात धावतो त्या नळीत, तेल गेलं की पिस्टनने हवा दाबल्यावर ती इतकी तापते की तेल पेटतं, धाडकन आवाज, नळीतून धूर, आणि पिस्टनच्या तोंडावरच्या सीलची वाट लागते. याला डिझेलिंग म्हणतात. जुनी चामड्याचं वॉशर असलेली बंदूक असेल तर तिला थेंबभर तेल लागतं, पण माझ्यात सिंथेटिक सील आहे.

मग घरीच उघडली. पण उघडण्याआधी एक गोष्ट, लिव्हर ओढलेला नसला तरी आत स्प्रिंग दाबलेलीच असते. शेवटची पिन निघाली की मागचा ब्लॉक थेट अंगावर येतो. मी बोहरी आळीतून सुतारांचा लांब सॅश क्लॅम्प आणला, त्यात रायफल धरली आणि स्क्रू थोडा थोडा सैल करत स्प्रिंग मोकळी केली. क्लॅम्प नसेल तर उघडायच्या भानगडीत पडूच नका.

खरा वेळ गेला तो खरखर नेमकी कुठे आहे ते शोधण्यात. आधी संशय स्प्रिंगवर. ती काढून ठेवली, नुसता लिव्हर जोडून रिकामा ओढला, तरी खरखर आहेच! म्हणजे दोष स्प्रिंगचा नाही. पिस्टन हाताने आत-बाहेर केला, तो लोण्यासारखा. लिव्हरच्या बिजागरीची पिन बघितली, तीही सरळ आणि स्वच्छ. तेव्हा मात्र खूप चिडचिड झाली, सगळे पार्ट टेबलावर पसरलेले आणि दोष कुठेच दिसेना. मग लिव्हरचा दांडा ज्या खाचेतून सरकतो तिच्या कडेवरून कानात घालायचा इअरबड फिरवला. एका जागी कापसाचे धागे अडकून राहिले. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. खात्री करायला दांड्याच्या टोकाला काळ्या परमनंट मार्करने रंग दिला, परत जोडून लिव्हर ओढला, काढून पाहिलं तर शाई फक्त एका कोपऱ्यावरची खरवडली गेली होती आणि तो कोपरा बरोब्बर त्या धाग्यांच्या जागेवर बसत होता. फॅक्टरीत खाच कापताना कडेला राहिलेली बर (धातूचा बारीक खरबरीत कंगोरा), बाकी काही नाही. दुकानात एवढे दिवस पडून होती, पण तिथे कोणी ती खोललीच नव्हती.

बारीक कानसीने कड मोडली, मग ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून तेवढीच कड घासली. सील जिथे फिरतं ती ट्यूबची आतली बाजू अजिबात घासायची नाही. ट्रिगरचा सिअर, म्हणजे पिस्टन अडवून धरणारा खटका, तोही नाही, त्याच्यावर कडक केलेला थर पातळ असतो, तो गेला तर बंदूक आपोआप सुटू शकते. नंतर रॉकेलने सगळं धुवून लोखंडाचा कीस काढला आणि मोली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस अगदी पातळ लावलं, बोटाने लावून पुसल्यावर उरेल तेवढंच, सीलच्या पुढे काहीच नाही.

स्प्रिंग सुटताना टुंग वाजायची त्यासाठी भोसरीत एका टर्नरकडून डेलरिनचं (कडक प्लास्टिकचं) स्प्रिंगच्या आत बसणारं गाइड करून घेतलं, हाताने जरा जोर देऊन बसेल इतकं घट्ट. जोडणीला काही त्रास नाही. लिव्हर आता एका दमात खाली येतो, मुलगी एकटीने ओढते, आणि हे माझ्या हातून झालं याचा मला अभिमान आहे.

स्प्रिंग बदलणार असाल तर जास्त ताकदीची घालू नका, छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर गेली की लायसन्सची भानगड. बालेवाडीला १० मीटरवाली पोरं वापरतात त्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलींना यातलं काही लागू नाही, त्या उघडायला जाऊ नका. आणि हे वरच लिहायला हवं होतं: छर्रा भरताना एका हाताने लिव्हर गच्च धरूनच ठेवायचा, तो सुटला तर सरकणारी ट्यूब बोट कापते.