थंडी पडली की शीड चढतं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की भुसावळात घरोघरी कपाटातून स्वेटर निघतात. माझ्या घरी त्याबरोबर शीडही निघतं.

थंड मुलुखांत या दिवसांत होड्या पाण्याबाहेर काढतात, पालथ्या घालून ताडपत्री टाकतात. आपल्या खान्देशात नेमकं उलट आहे. इथे शिडाच्या होडीचा हंगाम म्हणजे हिवाळा, दुसरा नाहीच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा भर पाण्यात, डोक्यावर सावली नसताना बसून राहणं जिवावर बेतू शकतं. आषाढात वारा भरपूर असतो. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगा यांच्यामधून पश्चिमेचा वारा तापीच्या खोऱ्यात असा शिरतो की साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला त्याच्यावर पवनचक्क्या चालतात. पण त्याच दिवसांत तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडे असतात आणि गढूळ नदी झाडंझुडपं घेऊन धावत असते. तिथे कोणी होडी घालू नये. पाऊस ओसरला की ते ४१ दरवाजे खाली येतात, धरण भरतं, आणि पाणी मागे मागे सरकत पार चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत येऊन थांबतं. तो फुगवटा म्हणजे माझा समुद्र.

खरा समुद्रही पाहिलाय. नौदलात होतो, शिडाची होडी हाकायला कोचीत शिकलो. नोकरी संपवून गावी परतलो तेव्हा सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटायचं ते त्या होडीविना. म्हणून अंगणात स्वतःच एक बांधली. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात 'मिरर' नावाची छोटी होडी निघाली होती, घरच्या घरी जोडता यावी म्हणून. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून एकमेकींना शिवायच्या आणि सांध्यांवर फायबरची पट्टी रेझिनने बसवायची. मी तीच पद्धत घेतली. अकरा फुटांची आहे, दोघांना उचलता येते. शीड लाल ठेवलंय, म्हणजे धुरकट सकाळीही काठावरून आणि मासेमारांच्या होड्यांवरून दिसतं. डागडुजी मात्र ऑक्टोबरमध्येच उरकायची. डिसेंबरच्या गारठ्यात माझं इपॉक्सी रेझिन वाळता वाळत नाही, दोन दोन दिवस बोटाला चिकटत राहतं. उन्हाळ्यात याच्या उलट, कालवून होईस्तोवर वाटीतच दगड झालेला असतो. पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन आता ती चांगदेवच्या बाजूला काठावर असते. धरणाच्या भिंतीकडे मी कधीच फिरकत नाही.

आता वाऱ्याबद्दल, कारण हिवाळ्यातली खरी विद्या तीच आहे.

सकाळी सातला मोटारसायकल काढून वरणगावच्या रस्त्याला लागतो. दीपनगर आलं की वेग कमी करून औष्णिक केंद्राच्या चिमण्यांकडे बघतो. खाली वाऱ्याचा पत्ता नसतो, रस्त्याकडेच्या शेकोट्यांचा धूर जागच्या जागी रेंगाळत असतो. आणि वर, चिमणीच्या तोंडाशी, धूर दक्षिणेकडे झुकून सरळ निघालेला असतो. रात्रभरात गारठलेली जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचून बसलेली असते. वरचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो, खाली उतरत नाही. चिमणी मात्र त्या थरातून वर डोकं काढून उभी असते. ऊन चढतं, जमीन तापते, तळची हवा उठायला लागते, तेव्हा तो थर मोडतो आणि वरचा वारा पाण्यावर येतो. सातला दीपनगरच्या चिमणीवर जो वारा दिसतो, तो साडेदहा-अकराला माझ्या शिडात असतो. दिशा बहुधा तीच, जोर थोडा कमी.

चांगदेवला पोचलो की दुसरी खूण बघायची, केळीच्या बागांची. थंडीचा चरका बसला की केळीची पानं पिवळी पडतात, घड अडकतात. म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतात आणि पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. हा धूर मी इतक्या सकाळी पाहिलाय की त्याची चाल पाठ झालीय. आधी तो कमरेएवढ्या उंचीवर सपाट पसरलेला असतो, खोडाखोडांमधून, हलत नाही की चढत नाही. तेव्हा पाण्यावरही वाफ असते, कारण पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. नऊच्या पुढे धुराचा वरचा काठ विरायला लागतो. मग एखादा पदर सुटून नदीकडे येतो, परत मागे जातो. असे दोन-चार पदर सुटले आणि मागे फिरेनासे झाले की शीड चढवायला घ्यायचं. त्याआधी घाई करणारा पाण्याच्या मधोमध वल्हं हातात घेऊन बसतो.

तिथे एक म्हातारे भोई आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. संध्याकाळी टाकलेली जाळी उचलून ते परतत असतात तेव्हा माझी जुळवाजुळव चाललेली असते. लांबूनच ओरडतात, "आज दुपारपावत वारा नई येत भो, चहा पे!" त्यांचं बहुतेक खरं होतं. मी धुराकडे बघतो, ते पाण्याकडे. पाण्याच्या कातडीवर जिथे बारीक सुरकुती उठते तिथून किती वेळात काठाशी येते, हे ते बघतात. त्यांच्याकडून मी आणखी एक घेतलं, जाळी कुठे असतात ते. रिकाम्या बाटल्यांचे तरंगे दिसले की वळसा घालायचा, मग कितीही चांगला वारा मिळालेला असो. होडीच्या पोटाखालची फळी जाळ्यात अडकली तर त्यांची रात्रीची कमाई फाटते.

हिवाळ्यातला वारा उत्तरेचा-ईशान्येचा, सौम्य असतो, पण त्यात वजन असतं. हे नुसतं वाटणं नाही. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा साधारण एक दशांशाने जड असते, त्यामुळे तेवढ्याच वेगाचा वारा शिडाला तेवढा जास्त रेटतो. वारा हलका असेल तर हा एक दशांश हाताला कळतो. दोर ताणला जातो, होडी एका अंगाला कलते, नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, पाणी बोलायला लागतं, आणि समोर सातपुड्याची निळी रांग असते. मला यापलीकडे काही लागत नाही.

थंडीबद्दल मात्र मी फार कडक आहे, कारण आपली थंडी फसवी आहे. जळगावचा पारा १० च्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी अंगावर घाम येतो. लोकांना वाटतं, हे काय, हे तर सुखाचं. पण ओलं अंग आणि वारा एकत्र आले की गणित बदलतं. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटून गारच राहतो, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. म्हणून माझ्या होडीत जीन्सवाल्याला जागा नाही. लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, त्यावर लाइफ जॅकेट. पट्टीचे पोहणारे असाल तरी. एक कोरडा जोड घट्ट बांधलेल्या पिशवीत. होडी उलटवून सरळ करण्याचा सराव ऑक्टोबरमध्येच करून घेतो, पाणी कोमट असताना.

सगळ्यात आधी बोटं जातात. ओला दोर हातात धरून अर्धा तास झाला की ती आकडतात, गाठ सुटत नाही. अंगठा करंगळीला लावून बघायचा. लागत नसेल तर गप्पा बंद, होडी काठाला. नौदलात एका वरिष्ठांनी हे दाखवलं होतं आणि मी ते प्रत्येकाला दाखवतो.

सध्या काठावरच्या वस्तीतली दोन-तीन पोरं माझ्याबरोबर येतात. त्यातली एक सातवीतली मुलगी फार हुशार आहे, तिला पाणी कळतं. पहिल्यांदा आली तेव्हा कानटोपी हनुवटीपर्यंत ओढून. मी म्हटलं, "कान उघडे कर."

"काका, कान गार पडता ना!"

"पडू दे थोडा वेळ. वारा कानाला कळतो."

मग तिला डोळे मिटायला लावले आणि मान हळूहळू वळवायला सांगितली. दोन्ही कानांत वारा सारखा घुमला की नाक बरोबर वाऱ्यात असतं. तिने मान वळवली, थांबली, हात पुढे केला. हात अगदी वाऱ्याच्या तोंडावर होता. त्यानंतर सुकाणू तिच्या हातात दिलं. शीड फडफडायच्या आधीच ती होडी वळवून घेते, आणि हे मला कोचीत जमायला बरेच महिने लागले होते. या मुलांच्या घरात पिढ्यानपिढ्या नदी आहे. त्यांना शिडाची होडी मिळाली तर ती कुठवर जातील, याचा मी फार विचार करतो. मुंबई-गोव्यात लहान मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची आठ फुटांहूनही आखूड होडी असते, एकट्या मुलाला पुरेशी. तशा दोन होड्या इथे आणायच्याच, हे मी मनाशी पक्कं केलंय.

पाहुण्या पक्ष्यांचं पथ्य मुलांनाही शिकवलंय. हिवाळ्यात फुगवट्यावर मोठी लालसरी, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. इंजिन नसल्यामुळे होडी मुकाट जाते, त्यामुळे ते लवकर उडत नाहीत, आणि म्हणूनच मोह होतो. पण होडीपेक्षा शिडाच्या फडफडाटाला ते जास्त बिचकतात. त्यामुळे थव्याजवळ वळायचं नाही, लांबूनच वळून घ्यायचं. एवढ्या लांबून आलेल्या जिवाला विनाकारण उठवणं मला सहन होत नाही.

होडी अजिबात काढायची नाही असेही दिवस असतात. रात्री एकाएकी उबदार वाटलं, सकाळी दव नाही, आभाळ भरलेलं आणि चिमणीचा धूर उत्तरेकडे फिरलेला, तर समजायचं की वरून पश्चिमेकडचं काहीतरी येतंय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा दिवशी मी काठावर बसून दोर तपासतो, आणि आप्पांकडे तुरकाट्यांवर वांगी भाजली जात असतील तर भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन परततो.

रब्बीची आवर्तनं सुरू झाली की पाणी हळूहळू उतरतं, काठाचा गाळ उघडा पडायला लागतो आणि होडीच्या फळीला चिखल लागतो. हतनूरमध्ये गाळ फार आहे. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताबाईची यात्रा भरते, तोवर माझा हंगाम आटोपत आलेला असतो. तेव्हा कोणाला यायचं असेल तर पौष-माघातच या. साडेनऊपर्यंत पोचा, लोकरीचं काहीतरी घाला, पोटात न्याहारी असू द्या. लाइफ जॅकेट मी देईन. आणि कानटोपी आणा, पण ती परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर घालायला.