हे कुणाला सांगायचं?

"पुढच्या महिन्याच्या पगाराला पैसे नाहीत, हे तू कुणाला सांगतेस?" सामाजिक संस्था चालवणाऱ्या आम्हा काहीजणांच्या गप्पांत एकीनं आज सहज विचारलं. सगळे एकदम गप्प.

खरंच, कुणाला सांगणार? विश्वस्तांना सांगावं, तर आपल्या कामाचं मोजमाप करणारे तेच. सहकाऱ्यांना सांगावं, तर ते दुसरी नोकरी शोधायला लागतील. देणगीदाराचा निधी बहुतेक वेळा प्रकल्पापुरता बांधलेला. खात्यात पैसे दिसतात, पण त्यातून ऑफिसचं भाडं किंवा हिशेब बघणाऱ्याचा पगार काढता येत नाही.

मग एकानं मोबाइलवर आपला जमाखर्चाचा तक्ता उघडून सरळ पुढे केला. पुढच्या तिमाहीचा अख्खा रकाना लाल. दुसरी म्हणाली, "देणगीदाराकडून येणारा हप्ता अडकला की मी आधी त्यांना द्यायचा अहवाल कुठे रखडलाय ते बघते." त्यावर बराच वेळ नुसतं कामाचं बोलणं झालं. कुणी उपदेश झाडला नाही, हे विशेष.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणांत दूरदृष्टी, प्रेरणा वगैरे भरपूर असतं. (स्लाइड्सही देखण्या असतात.) हा लाल रकाना मात्र तिथं कधी दिसला नाही.

संस्था चालवणाऱ्यांनो, तुम्ही हे कुणाशी बोलता?